सरकारी शाळेत कंत्राटावर काम: एजन्सीची विमा पॉलिसी की स्वतःची?

अमेरिकेतल्या सरकारी शाळेत पगारी स्पीच थेरपिस्ट आणि कंत्राटावर (थेट शाळेशी करार करून किंवा माणसं पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत) आलेला थेरपिस्ट एकच काम करतात. खटला झाला की वाटा वेगळ्या होतात. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार काम करताना झालेल्या चुकीबद्दल कर्मचाऱ्याचा बचाव आणि भरपाई सहसा स्कूल डिस्ट्रिक्टला (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला) करावी लागते. पण त्याच कायद्यातली ‘कर्मचारी’ची व्याख्या स्वतंत्र कंत्राटदाराला सरळ वगळते. २००१ च्या केंद्रीय शिक्षक संरक्षण कायद्यात ‘शाळेत काम करणारे इतर शैक्षणिक व्यावसायिक’ असे शब्द आहेत. कंत्राटी नर्स त्यात बसते का, यावर वाद होऊ शकतो आणि तोवर वकिलाचं बिल चालू राहतं. घोर निष्काळजीपणा आणि वाहन अपघात यांना या कायद्याचं संरक्षण नाहीच.

नागरी हक्कभंगाच्या दाव्यात मात्र डिस्ट्रिक्टशी थेट करार केलेल्याची बाजू थोडी बरी. सरकारने तात्पुरत्या नेमलेल्या खासगी वकिलाला कायदेशीर कवच मागता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या फिलार्स्की खटल्यात ठरवलं. १९९७ च्या रिचर्डसन खटल्यात खासगी तुरुंग कंपनीच्या पहारेकऱ्यांना ते नाकारलं होतं. एजन्सीच्या माणसाला हा दुसरा निकाल आडवा येऊ शकतो.

बाकी भिस्त विम्यावर. एजन्सीची पॉलिसी फुकट मिळते, पण तिची रक्कम बहुधा सगळ्या थेरपिस्टांत मिळून एकच असते. शिवाय तुमचं आणि एजन्सीचं हित एक नसलं तर वकील कोणाचं ऐकणार? लायसन्स बोर्डाकडे गेलेल्या तक्रारीचा खर्च त्यात आहे का, तेही विचारा. नुसतं विम्याचं सर्टिफिकेट बघून काही कळत नाही. पूर्ण पॉलिसी मागा.

स्वतःची घेणार असाल तर ‘अकरन्स’ पद्धतीची घ्या, थोडी महाग पडली तरी; तिच्यात घटना घडली तेव्हा पॉलिसी चालू असली की पुरतं, दावा कधीही येवो. ‘क्लेम्स-मेड’ पॉलिसीत दावा येईल त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते. इथे थेरपी घेणारं लहान मूल असतं, आणि बऱ्याच राज्यांत अल्पवयीन मुलाची दाव्याची मुदत ते १८ वर्षांचं होईपर्यंत थांबते. सहा वर्षांच्या मुलाच्या सेशनवरून बारा वर्षांनीही नोटीस येऊ शकते. क्लेम्स-मेडच असेल तर कंपनी बदलताना जुनी रेट्रोॲक्टिव्ह तारीख (जिच्यानंतरच्या कामालाच विमा लागू होतो ती) कायम ठेवा, काम सोडताना ‘टेल’ (पॉलिसी संपल्यावर येणाऱ्या दाव्यांसाठीची मुदतवाढ) विकत घ्या. दाव्यामागे १० लाख आणि वर्षाला ३० लाख डॉलर ही नेहमी मागितली जाणारी मर्यादा आहे. बचावाचा खर्च त्यातूनच कापला जातो की वेगळा, हे बघा. गैरवर्तनाच्या आरोपासाठी बऱ्याचदा वेगळी, छोटी मर्यादा असते. तुमच्या बॅगेला अडखळून मूल पडलं तर तो व्यावसायिक चुकीच्या नाही, जनरल लायबिलिटी (सर्वसाधारण अपघाताच्या) विम्याचा विषय.

एलएलसी (मर्यादित जबाबदारीची स्वतःची कंपनी) काढली म्हणून स्वतःच्या हातून झालेली व्यावसायिक चूक अंगावर यायची थांबत नाही.

सही करण्याआधी करारातलं भरपाईचं कलम वाचा. ‘या कामातून उद्भवणाऱ्या सर्व दाव्यांची’ जबाबदारी तुमच्यावर टाकली असेल, तर ‘माझ्या निष्काळजीपणापुरती’ अशी दुरुस्ती मागा. करारातून ओढवून घेतलेली जादा जबाबदारी व्यावसायिक विमा सहसा भरत नाही.