क्लॅट की लॉ सीईटी : बारावीनंतर वकिलीकडे वळताना

बारावीनंतर पाच वर्षांच्या कायद्याच्या पदवीला जाण्याच्या दोन मुख्य प्रवेशपरीक्षा : देशपातळीवरची क्लॅट आणि महाराष्ट्राची लॉ सीईटी. दोन्ही परीक्षांत १२० प्रश्न आणि दोन्हींना वेळ १२० मिनिटे. तरीही क्लॅटचा अभ्यास केलेल्या मुलाला लॉ सीईटी आपोआप जमते असे नाही, आणि उलट तर मुळीच नाही.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. दरवर्षी निकालाच्या सुमारास ओळखीतले पालक मुलांना घेऊन येतात आणि खुर्चीत टेकता टेकताच विचारतात, "मॅडम, यातली मोठी परीक्षा कोणती?" हा प्रश्न मला मागे ठेवावासा वाटतो. आधी मूल इंग्रजी किती वेगाने वाचते ते पाहावे, मग घरची ऐपत, आणि मग पाच वर्षांनी त्याला कुठे उभे राहून काम करायचे आहे ते. या तीन गोष्टींची उत्तरे मिळाली की परीक्षा जवळजवळ आपोआप ठरते.

कोणती परीक्षा कुठे नेते

क्लॅट २००८ पासून होते. आता ती राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे (एनएलयूंचे) कन्सोर्टियम, म्हणजे त्यांचा संघ, घेते. बंगळुरू, हैदराबाद, कोलकाता आणि आपल्याकडची मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर ही विद्यापीठे धरून विसाहून अधिक ठिकाणचे प्रवेश याच एका गुणयादीवर होतात. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा मात्र वेगळी, तिचे नाव आयलेट. महाराष्ट्रातल्या तिन्ही विद्यापीठांत राज्याच्या रहिवाशांसाठी राखीव जागा असतात, म्हणून अखिल भारतीय क्रमांक पाहून लगेच हातपाय गाळू नयेत.

लॉ सीईटी राज्याचा सीईटी कक्ष घेतो, २०१६ पासून. ती संगणकावर होते आणि तिच्या गुणांवर कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्यांतून राज्यातल्या विधी महाविद्यालयांत प्रवेश मिळतो. यात १८५५ पासूनचे मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय आहे, १९२४ पासूनचे पुण्याचे आयएलएस आहे आणि तुमच्या जिल्ह्याच्या गावातले कॉलेजही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या याच महाविद्यालयाचे प्राचार्य होते. 'एनएलयू नाही म्हणजे दुय्यम' असे कुणी म्हणाले की मला खरेच वाईट वाटते.

पेपर समोर आल्यावर

खरा फरक इथे आहे. क्लॅटमध्ये जवळजवळ सगळे प्रश्न उताऱ्यावर येतात. उतारा साडेचारशे शब्दांपर्यंतचा आणि त्याखाली चार ते सहा प्रश्न. कायदा, चालू घडामोडी, तर्क, इंग्रजी, सगळ्यांची तीच तऱ्हा. गणिताचे दहा-बारा प्रश्नही छोट्या माहितीवर बेतलेले. म्हणजे दोन तासांत आठ-दहा हजार शब्द वाचायचे, समजून घ्यायचे आणि उत्तरही द्यायचे, तेही फक्त इंग्रजीत. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो.

कायद्याचा विभाग कसा असतो ते मी मुलांना एक उदाहरण रचून दाखवते. समजा, उताऱ्यात लिहिले आहे : दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय शिरणे हे अतिक्रमण, मात्र माणसाचा जीव वाचवण्यासाठी शिरल्यास ते अतिक्रमण नव्हे. खाली प्रसंग दिला आहे : शेजाऱ्याच्या विहिरीत वासरू पडले, ते काढायला शिवा कुंपण ओलांडून आत गेला. अतिक्रमण झाले का? शेतकऱ्याच्या घरातले मूल लगेच म्हणते, "छे, वासरू वाचवले ना!" पण उताऱ्यात अपवाद माणसाच्या जिवापुरताच आहे. तेव्हा उत्तर : झाले. मनाला काय पटते ते बाजूला ठेवून पुढ्यातल्या वाक्यात काय लिहिले आहे तेवढेच पाहणे, ही क्लॅटची कसोटी. कायद्याचे आधीचे ज्ञान तिथे लागत नाही.

लॉ सीईटीत प्रश्न सरळ अंगावर येतो. राज्यघटनेच्या कोणत्या कलमाखाली उच्च न्यायालय रिट काढू शकते? २२६. माहीत असेल तर पाच सेकंद, नसेल तर पाच मिनिटे विचार करूनही उपयोग नाही. इथे पाठांतर लागते : घटनेची महत्त्वाची कलमे, कायद्यातल्या लॅटिन संज्ञा, न्यायालयांची रचना, १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता. सोबत सामान्यज्ञान, तर्क, इंग्रजी आणि थोडे गणित. इंग्रजीचा विभाग सोडला तर प्रश्न मराठीतही वाचता येतात. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. क्लॅटच्या सवयीने सीईटीत पंधरा-वीस प्रश्न सोडून येणारी मुले मी पाहिली आहेत, आणि तेवढ्यावरून कॉलेज बदलते.

म्हणून घरी एक चाचणी घ्या. इंग्रजी वर्तमानपत्राच्या अग्रलेखाचे साडेचारशे शब्द मोजा, घड्याळ लावा, मुलाला वाचू द्या. मग कागद उलटा करून लेखाचा मुद्दा चार वाक्यांत सांगायला लावा, मराठीत सांगितला तरी चालेल. तीन-साडेतीन मिनिटांत वाचून मुद्दा नीट सांगता आला तर क्लॅट मुख्य धरावी. सहा मिनिटे लागली आणि मूल अकरावीत असेल तर अजून वेळ आहे. माझी पुतणी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती. पहिल्या दिवशी तिला साडेसहा मिनिटे लागली आणि सांगताना तीन मुद्दे निसटले. रोज सकाळी एक अग्रलेख आणि रात्री शब्दांची वही, असे आठ महिने केल्यावर ती साडेतीनवर आली. क्लासने हे काम झाले नसते, ते तिने जेवणाच्या टेबलावर केले. पण मूल बारावीत आहे, ऑगस्ट उजाडला आहे आणि वेळ अजून सहा मिनिटांवरच आहे, तर सगळा जोर सीईटीवर द्यावा असे मी स्पष्ट सांगते.

वेळापत्रक

क्लॅट हल्ली डिसेंबरच्या सुरुवातीला होते, म्हणजे बोर्डाच्या आधी. सीईटी बोर्डानंतर, उन्हाळ्यात. विज्ञान शाखेच्या मुलांना डिसेंबर फार जड जातो, कारण प्रॅक्टिकल, सराव परीक्षा आणि क्लॅट एकाच वेळी येतात. उलट एनएलयूचे वर्ग वेळेवर सुरू होतात आणि कॅपच्या फेऱ्या पावसाळाभर लांबू शकतात. त्या काळात घरात बेचैनी वाढते. पहिल्या फेरीत मनासारखे कॉलेज आले नाही म्हणून घाबरून भलत्या संस्थेत मोठी फी भरू नका.

पैसा आणि कागदपत्रे

एनएलयूचा खर्च हॉस्टेल-मेस धरून वर्षाला अडीच-तीन लाखांच्या घरात जातो, पाच वर्षांचा हिशेब तुम्हीच करा. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाची फी आजही काही हजारांत आहे, पण मुंबईत राहण्याचा खर्च वेगळा धरावा लागतो. खासगी विनाअनुदानित कॉलेजे या दोन टोकांच्या मधे कुठेही असतात. शैक्षणिक कर्ज काढून एनएलयूत जायला माझी हरकत नाही, मात्र मुलाला कॉर्पोरेट फर्मकडेच जायचे असेल तर. पदवीनंतर तालुक्याच्या कोर्टात सनद घेऊन उभे राहायचे असेल तर पहिली दोन-तीन वर्षे कमाई बेताचीच असते, आणि त्यातून हप्ता निघत नाही.

क्लॅटच्या नुसत्या अर्जाला खुल्या गटासाठी ४००० रुपये लागतात, अनुसूचित जाती-जमातींसाठी ३५००. पुढे समुपदेशनाच्या, म्हणजे जागावाटपाच्या, वेळी आणखी हजारांत रक्कम अडकते. 'सहज देऊन बघू' म्हणण्याआधी याचा विचार व्हावा.

कॅपमधून प्रवेश घेतल्यास पात्र मुलांना महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावरून शुल्कसवलत मिळू शकते. पण त्यासाठी अधिवास, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, जात वैधता हे सगळे वेळेत हाती हवे. माझ्या परिचयातल्या एका मुलीला गुण भरपूर होते, पण नॉन-क्रीमीलेयरची मुदत मार्चमध्ये संपल्याचे कुणाच्या लक्षातच आले नाही. तिला खुल्या गटातून फेरीत जावे लागले आणि हवे ते कॉलेज हुकले. जात वैधतेचा अर्ज अकरावीतच टाका. अभ्यासाइतकेच हे महत्त्वाचे आहे.

पाच वर्षांनी कुठे

दिल्ली-मुंबईतल्या मोठ्या फर्म भरतीसाठी नामांकित एनएलयूंच्या आवारात जातात. तो दरवाजा सीईटीच्या वाटेनेही उघडतो, पण इंटर्नशिपसाठी स्वतः दारोदार फिरावे लागते. जिल्हा आणि तालुका न्यायालयात काम मराठीत चालते : फेरफार, सातबारा, वाटपाचे दावे, पोटगीचे अर्ज. इथे पक्षकाराच्या तोंडची भाषा समजणारा वकील टिकतो. न्यायाधीश व्हायचे असेल तर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आहे, म्हणजे कोर्टात उभे राहणे चुकत नाही. वकिलीसाठी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षा तर दोन्ही वाटांच्या मुलांना सारखीच.

बारावीतच निर्णय होत नसेल तर आधी बीए किंवा बीकॉम करून तीन वर्षांच्या एलएलबीला येता येते. त्या सीईटीत गणित नसते आणि इंग्रजीला सर्वाधिक वजन असते. क्लॅटमधून हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम मिळत नाही.

अजूनही मन दोलायमान असेल तर येत्या शनिवारी क्लॅटची मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका कन्सोर्टियमच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून, छापून, दोन तास घड्याळ लावून सोडवा. रविवारी सीईटीचा सराव संच तसाच. तपासताना गुणांसोबत हेही लिहून ठेवा की कोणत्या पेपरात शेवटच्या वीस मिनिटांत हात थांबला होता, आणि तो कागद घेऊन सोमवारी आईवडिलांशी बोला.