ऑक्टाव्हिया आरएस २४५ : अठराऐवजी सतरा इंची चाके, अकरा महिने आणि १४,६०० किलोमीटर

स्कोडाची आरएस २४५ ही गाडी २०२० मध्ये भारतासाठी केवळ २०० नग आयात झाली. त्यांतली एक दुसरा मालक म्हणून माझ्याकडे आली आणि जालन्यात सळईच्या कारखान्यात नोकरी करत मी ती रोज चालवतो. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन २४५ पीएस आणि ३७० न्यूटन मीटर इतकी ताकद पुढच्या दोन चाकांकडे पाठवते, त्यामुळे या गाडीत चाक आणि टायर यांची निवड ही सजावटीची बाब राहत नाही. कंपनीने गाडीला १८ इंची चाके आणि २२५/४० आर१८ टायर (२२५ मिलिमीटर रुंद, भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के, १८ इंची रिमसाठी) दिले आहेत. ती चाके समृद्धी महामार्गावर उत्तम आहेत. परंतु समृद्धीचा फाटा सोडून खाली उतरले की मराठवाड्याचा खरा रस्ता सुरू होतो.

आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर बांधलेला डांबरी रस्ता दोन-तीन वर्षांत लाटांसारखा वरखाली होतो, कडा खचतात आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या वजनाने त्याच जागी खड्डे पडतात. अंबड–वडीगोद्री रस्त्यावर एका संध्याकाळी पाण्याने भरलेला असाच एक खड्डा मला दिसला नाही. पुढचे डावे चाक आतल्या बाजूने वाकले. ज्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो त्याने, “भाऊ, अर्ध्या तासात सरळ करून देतो,” असे म्हणत गॅसच्या ज्योतीने कड तापवली आणि जॅक लावून ती सरळ केली. ते मी होऊ दिले, ही माझी चूक झाली. पाच महिन्यांनी त्याच जागेपासून दीड इंच अंतरावर केसासारखी बारीक चीर दिसली आणि हवा रोज दोन-तीन पीएसआयने उतरू लागली.

धातूशी रोज संबंध येत असल्याने यामागचे कारण मला थोडे सविस्तर सांगावेसे वाटते. बहुतेक ओतीव अलॉय चाके ॲल्युमिनियम, सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि थोडेसे मॅग्नेशियम यांच्या मिश्रधातूची असतात. ओतल्यानंतर चाक पाचशे अंशांहून अधिक तापवून एकदम गार करतात आणि नंतर दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या आसपास काही तास मुरू देतात. चाकाची ताकद या उष्णोपचारातून येते. गॅसच्या ज्योतीखाली हा उपचार त्या जागेपुरता पुसला जातो. धातू दिसायला तसाच राहतो, पण तिथे तो मऊ पडतो, आणि मऊ भाग जिथे संपून मूळ कठीण भाग सुरू होतो त्या सीमेवर ताण साचतो. माझी चीर नेमकी तशाच ठिकाणी पडली होती. वेल्डिंगने भरलेल्या चाकाचीही गत हीच असते. त्यामुळे वाकलेले किंवा चिरलेले चाक स्वस्तात दुरुस्त करून पुढच्या आसावर लावावे, असे मी आता कोणालाही सांगणार नाही.

नवी चाके घ्यायचे ठरल्यावर छत्रपती संभाजीनगरमधल्या तीन दुकानांत गेलो. तिन्ही ठिकाणी मला मोठे आणि रुंद चाकच सुचवले गेले. एकाने ८.५ इंच रुंद, ऑफसेट ३५ असलेले चाक पुढे केले. ऑफसेट म्हणजे चाक गाडीला जिथे टेकते ती पातळी रुंदीच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे ते माप; हा आकडा जितका कमी, तितके चाक बाहेर येते. माझे मूळ चाक ७.५ इंच रुंद आणि ऑफसेट ५१ आहे. अर्धा-अर्धा इंच दोन्ही बाजूंना वाढतो, म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यात ऑफसेटमधला १६ मिलिमीटरचा फरक मिळवला की चाकाची बाहेरची कड तब्बल २८.७ मिलिमीटर बाहेर येते. मागे तीन माणसे आणि डिकीत सामान असताना टायर मडगार्डला घासणार, बेअरिंगवरचा भार वाढणार आणि स्टिअरिंग प्रत्येक खाचेत हाताला ओढ देणार. हा हिशेब दुकानातल्या कागदाच्या मागे करून दाखवला तेव्हा विक्रेत्याने शांतपणे ऐकून घेतले, पण त्याच्याकडे दुसरे माप शिल्लक नव्हते.

माझी निवड उलट दिशेची होती. १७ इंच व्यास, ७.५ इंच रुंदी, ऑफसेट ४५, पाच बोल्ट ११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर, आणि २२५/४५ आर१७ टायर. टायरची भिंत ९० वरून १०१ मिलिमीटर होते, तर एकूण व्यास ६३७ वरून ६३४ वर येतो, म्हणजे वेगदर्शकाच्या आकड्यात अर्ध्या टक्क्याचाही फरक पडत नाही. मूळ टायरचा भार निर्देशांक ९२, म्हणजे ६३० किलो. मी ९४ घेतला, म्हणजे प्रति टायर ६७० किलो. चाकाच्या आतल्या बाजूस ६९० किलोची क्षमता आणि जपानच्या जेडब्ल्यूएल व व्हीआयए या चाचण्यांची चिन्हे उमटवलेली आहेत. चाक फ्लो-फॉर्मिंग पद्धतीचे आहे: मधला भाग ओतीव, पण रिमचा पन्हाळीसारखा घेर गरम असताना रोलरखाली लांबवून बारीक केलेला, त्यामुळे तिथला धातू दाट आणि चिवट होतो. घडीव चाक याहूनही सरस असते, परंतु त्याची किंमत मला परवडणारी नव्हती. मॉडेलचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण एकाच नावाचे चाक अनेक ऑफसेटमध्ये मिळते आणि नाव पाहून घेणाऱ्याची फसगत होते.

सतरा इंची चाक आरएसच्या मोठ्या ब्रेकवरून जाते की नाही, हा सर्वांत नाजूक प्रश्न होता. नुसता व्यास पुरेसा नसतो; आऱ्यांचा आतला उतार कॅलिपरला, म्हणजे ब्रेकची चकती दाबणाऱ्या भागाला, लागू शकतो. मी पुठ्ठ्याचा साचा कापून नेला आणि तरीही टायर चढवण्याआधी मोकळे चाक हबवर (गाडीच्या ज्या मधल्या भागावर चाक बसते त्यावर) लावून हाताने पूर्ण फिरवून पाहण्याचा आग्रह धरला. सर्वांत अरुंद जागी ५ मिलिमीटर अंतर मिळाले. ही परवानगी न देणाऱ्या दुकानातून चाक घेऊ नये, कारण टायर एकदा चढला की परत घेण्याची गोष्ट कोणी काढत नाही.

पहिले पंधरा दिवस मात्र त्रासाचे गेले. नव्या चाकाचे मधले छिद्र ६६.६ मिलिमीटरचे आहे आणि स्कोडाचा हब ५७.१ चा. ही पोकळी भरणाऱ्या कड्या दुकानदाराने प्लास्टिकच्या दिल्या आणि त्यांतली एक बसवताना चिरली होती, हे मला नंतर कळले. जालना रस्त्यावर ९५ च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायचे. दोनदा बॅलन्सिंग करूनही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता, कारण बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक कोनने बरोबर मध्यावर धरले जाते. चूक हबवर बसताना होत होती. शेवटी औद्योगिक वसाहतीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या चार कड्या कातून घेतल्या. त्या दिवसापासून थरथर पूर्ण थांबली. मे महिन्यातली आपली हवा आणि घाटातल्या ब्रेकची धग लक्षात घेता प्लास्टिकच्या कड्यांवर मी पुन्हा विसंबणार नाही.

बोल्टची बाब त्याहून गंभीर आहे. स्कोडाच्या मूळ बोल्टचे बूड गोलाकार असते, तर माझ्या नव्या चाकांना ६० अंशांच्या शंकूचे बोल्ट लागतात. आटे सारखेच, १४ मिलिमीटर व्यास (एम१४) आणि दोन आट्यांत १.५ मिलिमीटर अंतर, म्हणून चुकीचा बोल्टही आत जातो आणि घट्ट झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो एका बारीक रेषेवर टेकलेला असतो आणि काही किलोमीटरांत सैल होऊ शकतो. मी नवे बोल्ट १२० न्यूटन मीटरला टॉर्क पाना लावून आवळले आणि ८० किलोमीटरनंतर पुन्हा तपासले. स्टेपनीला मात्र जुनेच गोल बुडाचे बोल्ट लागतात, म्हणून त्यातले पाच एका पिशवीत स्टेपनीच्या मधोमध ठेवले आहेत. रात्री गेवराईजवळ पंक्चर झाले तर ती पिशवी नसेल तेव्हा स्टेपनी असूनही उपयोग नाही.

आता चालवण्याचा अनुभव. कारखान्यातल्या वजनकाट्यावर जुने चाक टायरसह २१.८ किलो भरले आणि नवे १८.३. प्रत्येक कोपऱ्यात साडेतीन किलो घटले, तेही स्प्रिंगच्या खालचे आणि फिरणारे. याचा परिणाम वेगापेक्षा रस्त्याच्या लहान खाचांवर अधिक जाणवतो: चाक खाली जाऊन लवकर परत येते, शॉक ॲबसॉर्बरला कमी झगडावे लागते. मांजरसुंब्याच्या घाटात एकामागून एक येणाऱ्या वळणांत तुटक्या डांबरावर गाडी पूर्वी बाजूला उडी मारायची, ती आता रेषेत राहते. दुसऱ्या गिअरमध्ये जोरात ॲक्सलरेटर दाबल्यावर पुढच्या चाकांची पकड सुटण्याचे प्रमाण कमी झाले आहे, मात्र त्यात नव्या टायरच्या रबराचाही वाटा आहे आणि तो वेगळा काढता येत नाही. अकरा महिन्यांत एकही रिम वाकलेली नाही, आणि मला याहून मोठा दाखला नको आहे.

गमावले ते असे. समृद्धीवर १२० च्या मर्यादेत लेन बदलताना स्टिअरिंगचा पहिला प्रतिसाद किंचित मऊ झाला आहे, कारण टायरची उंच भिंत आधी वाकते. ऑफसेट ६ मिलिमीटरने कमी असल्याने खचलेल्या कडेवर स्टिअरिंग पूर्वीपेक्षा थोडे जास्त ओढते. मडगार्डखाली चाक लहान दिसते आणि पाहणारे ते बोलूनही दाखवतात. मला त्याचे वाईट वाटत नाही.

देखभालीत दोन गोष्टी शिकलो. पहिल्या पावसात शेतरस्त्याने गेल्यावर काळा चिखल रिमच्या आतल्या घेरात बसला, रात्रीत वाळून दगड झाला आणि दुसऱ्या दिवशी गाडी ८० ला हादरू लागली. तेव्हा बॅलन्सिंगवाल्याकडे धावण्याआधी आतून पाणी मारावे. दुसरे, आतून चिकटवलेल्या वजनाच्या पट्ट्या धुलाई केंद्राच्या जोरदार फवाऱ्याने सुटतात, म्हणून त्यांच्या जागा मी रंगाने खूण करून ठेवल्या आहेत. हवा सकाळी थंड टायरमध्येच मोजतो, कारण तापमान दहा अंशांनी वाढले की दाब सुमारे दीड-पावणेदोन पीएसआयने चढतो आणि दुपारी मोजून कमी केलेली हवा पहाटे अपुरी ठरते. विमा कंपनीला बदल लेखी कळवला असून पावती आणि चाकांवरच्या चिन्हांची छायाचित्रे त्याच फाइलमध्ये आहेत.

मूळ चाकांपैकी तीन शाबूत आहेत आणि गोदामात ठेवली आहेत. चौथे, चिरलेले चाक भंगारवाल्याने वेल्डिंग करून विकण्याच्या इराद्याने चांगल्या भावात मागितले होते. मी ते कारखान्यात कटरखाली धरून चार तुकडे केले आणि मगच त्याला दिले.