मायएसक्यूएल शेल : डेटाबेस क्लाउडवर हलवायच्या आधी हे वापराच

कोल्हापूर भागातल्या एका दूध संघाचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. सकाळ-संध्याकाळ संकलन, दर दहा दिवसांनी बिल, आणि हे सगळं ऑफिसातल्या एका सर्व्हरवर मायएसक्यूएल ५.७ या डेटाबेसवर चालू होतं. ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला, हार्डडिस्क पण थकलेली, म्हणून ठरवलं की ८.० वर जायचं आणि त्याच फेरीत डेटाबेस ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये आरडीएसवर (डेटाबेस चालवून देणारी त्यांची क्लाउड सेवा) न्यायचा. या तयारीत सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते मायएसक्यूएल शेल, म्हणजे डेटाबेसला जोडून कमांड द्यायचं टूल. फुकट मिळतं, ओरॅकलचंच आहे, तरी बरेच जण अजून डेटाची प्रत काढणाऱ्या जुन्या डंप कमांडवरच भागवतात.

त्यातला अपग्रेड चेकर, म्हणजे नव्या व्हर्जनला काय अडेल ते सांगणारी तपासणी, आधी चालवा. चालू सर्व्हरला जोडायचं, कुठल्या व्हर्जनला जायचंय ते सांगायचं, तो नुसता वाचतो, बदलत काही नाही. आमच्याकडं काय काय निघालं! सभासद झाल्याची तारीख माहीत नव्हती तिथं सगळी शून्यं भरलेली, संस्थांच्या टेबलात रँक नावाचा कॉलम (८.० मध्ये तो राखीव शब्द झालाय, क्वेरी तिथंच फुटते), आणि निम्मी टेबलं जुन्या तीन बाइटवाल्या यूटीएफ८ मध्ये. मराठी अक्षर तीन बाइटात बसतं म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही, इमोजी आला की अडतं.

पण चेकर डेटाबेसच्या आतलंच बघतो, तुमच्या पीएचपीतल्या क्वेऱ्या त्याला दिसत नाहीत. ५.७ मध्ये ग्रुप बाय (नोंदींचे गट) केलं की निकाल आपोआप क्रमानं लागून यायचा, ८.० नं ते बंद केलं. आमच्या बिलाच्या रिपोर्टात ऑर्डर बाय (क्रम लावायची सूचना) लिहिलेलंच नव्हतं, तालमीच्या (चाचणीच्या) सर्व्हरवर बिलं छापली तर १२ नंबरच्या सभासदानंतर थेट ४०७. रकमा पैशापर्यंत बरोबर, पण गावातले सचिव बिलं नंबरवारीनंच वाटतात, त्यांची सकाळ त्यातच गेली असती. दुसरं कोलेशनचं, म्हणजे अक्षरं कशी जुळवायची त्या नियमाचं. ८.० चं नवं डिफॉल्ट कोलेशन शेवटची स्पेस पण धरतं, जुनं धरत नव्हतं, त्यामुळं एका संस्थेच्या कोडमागं कधीतरी पडलेली स्पेस आडवी आली आणि ती संस्था रिपोर्टातनं गायब. म्हणून सांगतो, खऱ्या डेटावर एक पूर्ण दहा दिवसांचं बिल काढून जुन्याशी ओळ न् ओळ ताडून बघा.

शेलचं डंप आणि लोड (ती प्रत नव्या सर्व्हरवर भरणं) मात्र फारच छान. बऱ्याच थ्रेडवर (समांतर कामांवर) एकदम चालतं, फाइली दाबून लहान करतं, आणि मधेच नेट गेलं तर लोड जिथं थांबला तिथनं पुढं सुरू होतो, आमच्याकडं लाइटचा भरवसा नसतो त्यामुळं याची किंमत कळली. आरडीएसवर सुपर (सगळ्यात वरचा) अधिकार मिळत नाही, म्हणून व्ह्यू (साठवलेली क्वेरी) आणि ट्रिगर (आपोआप चालणारा कोड) यांवरचा जुना रूट डिफायनर (मालकाचं नाव) काढायचा पर्याय डंप करतानाच द्या. लोडच्या आधी पॅरामीटर ग्रुपमध्ये (आरडीएसच्या सेटिंगच्या यादीत) लोकल इनफाइल (फाइलमधनं डेटा भरायची परवानगी) चालू करा. बिनलॉगची (बदलांच्या नोंदवहीची) जागा डंपसोबतच लिहून मिळते, तिथनं ५.७ वरनं क्लाउडवर रेप्लिकेशन (बदल आपोआप पोचवणं) लावलं आणि दोन आठवडे दोन्ही सोबत चालवले.

आता ज्याची मला खरी काळजी होती ते. ५.७ वरनं ८.० कडं रेप्लिकेशन चालतं, उलटं अधिकृतपणे चालत नाही. एकदा नवीन सर्व्हरवर संकलनाच्या नोंदी पडायला लागल्या की जुन्यावर परतायचं म्हणजे त्या नोंदी हातानं न्यायच्या. म्हणून परत फिरायचं की नाही याची वेळ आधीच ठरवा, आमची पहाटे ३:३० होती, कारण ५ ला कॅन यायला लागतात. आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (सर्व्हरचा पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) ६० सेकंदांवर आणला, रात्री साडेनऊला जुना सर्व्हर रीड-ओन्ली केला, रेप्लिकाची पिछाडी शून्यावर आल्यावरच ॲप वळवलं.

लेटन्सी, म्हणजे क्वेरी जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, मोजा. आमच्याकडनं मुंबईला एक फेरी १५ मिलिसेकंद, आणि बिलाच्या एका पानाला ३०० क्वेऱ्या लागत होत्या, म्हणजे साडेचार सेकंद नुसते वाटेत. त्या क्वेऱ्या एकत्र केल्या तेव्हा पान चटकन उघडायला लागलं. मल्टी-एझेडचा (दुसऱ्या डेटासेंटरात जोडीला ठेवलेला सर्व्हर) फेलओव्हर, म्हणजे त्या सर्व्हरवर आपोआप वळणं, पण आधीच मुद्दाम करून बघा, रीबूट करताना तो पर्याय असतो. साधारण ६० ते १२० सेकंद धरायचे, तेवढ्यात ॲपनं स्वतः परत कनेक्ट व्हायला पाहिजे, आमचं होत नव्हतं, ते दुरुस्त करूनच पुढं गेलो.

शेलला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण चेकरचा रिपोर्ट लांबलचक येतो, नुसत्या सूचनांच्या ढिगात खरी एरर शोधावी लागते, तेव्हा एरर आधी वाचा. आणि ८.० ची मुदतही एप्रिल २०२६ पर्यंतच, ५.७ वरनं ८.४ ला थेट उडी मारता येत नाही, म्हणून तोच चेकर ८.४ साठी परत चालवून यादी काढून ठेवलीय.