‘पण लक्षात कोण घेतो?’ची स्वस्त आवृत्ती: अख्खं सत्र वापरल्यानंतर

आधी कामाचं सांगते. ही कादंबरी प्रकल्पासाठी घेणार असाल तर किंमत, सवलत, मुखपृष्ठ यातलं काही बघू नका. दुकानात जा, पुस्तक बरोबर मध्यावर उघडा आणि आतला समास बघा. अंगठा मावला तर घ्या. माझ्या प्रतीत करंगळीचं नखही मावत नाही.

अकरावीला मराठीच्या सरांनी जी यादी दिली त्यात ‘बनगरवाडी’ सगळ्यांत बारीक, म्हणून अर्ध्या वर्गाने तीच धरली. मग सर म्हणाले, एका पुस्तकावर दोघांच्या वर प्रकल्प घेणार नाही. हरिभाऊ आपट्यांच्या या ठोकळ्याला कुणी हात लावला नव्हता. माझा हिशोब सरळ होता: लेखक 1919 मध्ये गेले, स्वामित्वहक्क कधीचाच संपलाय, म्हणजे जो तो छापणार आणि कुणीतरी स्वस्तात विकणार. तीनशेच्या आत घरपोच आलं. इंटरनेटवर जुन्या प्रतीचं स्कॅन फुकट मिळतं, तेही उतरवून ठेवलं. त्यात ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचे अनुस्वार आहेत, त्यांची सवय लवकर होते. पण मोबाइलवर पान मोठं करत, सरकवत एवढी जाड कादंबरी वाचायची म्हणजे डोळ्यांचं पाणी होतं, त्याची काही सवय होत नाही.

तर छापील प्रत. डाव्या पानावर ओळींचे शेवट आत गडप, उजव्या पानावर ओळींच्या सुरुवाती. वाचायचं तर पुस्तक दोन्ही हातांनी फाकवून धरावं लागतं. एसटीत एका हाताने दांडा धरलेला असताना हे कसं करायचं ते छापणाऱ्याने येऊन दाखवावं. फाकवून फाकवून व्हायचं तेच झालं. पाठीला नुसता गम, शिवण नाहीच. गम वाळून तडकला आणि मधला गठ्ठा पुलाखालच्या खड्ड्यात बस आदळल्यावर माझ्या मांडीवर आला.

प्रकाशकाला फोन केला. परत घ्यायची मुदत उलटून गेलीय म्हणाले, ते मान्य. पण पुढचं ऐका. “ताई, जाड पुस्तक एवढं उघडायचं नसतं.” मग काय करायचं, बाहेरून वास घ्यायचा?

झेरॉक्सवाला स्पायरल मारून देतो म्हणाला, पण त्याला भोकं पाडायला समास लागतो आणि इथे तोच तर नाही. शेवटी कोर्टाजवळ जुने रजिस्टर बांधून देणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी पानं मांडीवर ठोकून सारखी केली, दाभण लावून बघितलं आणि मान हलवली. “टाका घातला की अक्षरं आत जाणार. दोन-दोन अक्षरं तरी जातील. बघ, चालत असेल तर घालतो.” पैसे घेतले नाहीत. या सगळ्या व्यवहारात सरळ बोलणारा तेवढा एकच माणूस भेटला.

मग सगळंच सुटं केलं. पट्टीने पाठ कापली, पाच-सहा प्रकरणांचे गठ्ठे पाडले आणि प्रत्येकाला काळा चिमटा लावला. इथून माझं मत बदलायला लागलं. सुटं पान सपाट पडतं, एकही अक्षर लपत नाही. दप्तरात फक्त त्या आठवड्याचा गठ्ठा, बाकीचे घरी. वजन नाही, फाकवाफाकवी नाही.

घरी राहिलेले गठ्ठे आजीने उचलले. हे मला माहीतच नव्हतं. एक दिवस कॉलेजातून आले तर दारातच, “अगं, तो पुढचा गठ्ठा कुठे घेऊन गेलीस? ती दुर्गी तिकडे तशीच अडकलीय!” दुर्गी म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या यमूची मैत्रीण, नवरा एक नंबरचा नालायक. त्या दिवसापासून आमच्या घरात भांडणं सुरू. मी गठ्ठा संपवायचा, आजीच्या हातात द्यायचा, आणि तिला तो रात्रीत संपवून पुढचा हवा. पुढे पुढे तीच माझ्यापुढे गेली आणि यमूच्या सासरचे शंकरमामंजी काय करणार ते जेवताना सांगून टाकलं. रागाने मी तिच्याशी बोलले नाही.

प्रकल्पासाठी माहिती काढताना कळलं की कादंबरी मुळात अशीच आली होती. हरिभाऊंनी 1890 मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात हप्त्याहप्त्याने ती छापली, पुस्तक झालं 1893 मध्ये. यमू मध्येच भरकटते, मग स्वतःला आवरून मूळ गोष्टीवर येते, मागचं पुन्हा सांगते. सलग वाचताना मी यावर समासात (बाहेरच्या, तो बरा आहे) ‘पाल्हाळ’ असा शेरा मारला होता. आठवड्याने पुढचा भाग हातात घेणाऱ्याला ते लागतं. आजीला एकदाही कंटाळा आला नाही.

लेखक तेव्हा सव्विशीचे होते आणि लिहितायत एका मुलीच्या तोंडून: माहेर, लग्न, सासरचं राबणं, मग नवऱ्याबरोबर मुंबईला आल्यावर वाचायला मिळालेली मोकळीक. (जन्म 8 मार्च 1864. महिला दिनाची तारीख! हे मी मुद्दाम पहिल्या पानावर घातलं.) शेवटाकडचं बळजबरीचं केशवपन मी बसमध्ये वाचलं आणि उतरायचा थांबा पुढे गेला. आधी वाटलं होतं, एवढं काळंकुट्ट रंगवायची काय गरज? पण 1890 मध्येच मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं होतं. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, म्हणजे विधवांसाठीची शाळा आणि निवारा, मुंबईहून पुण्यात आलं. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, तोही मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारा करणारा, आणि त्यावरून केवढा गदारोळ! म्हणजे ‘करमणूक’ वाचणाऱ्या घरात वर्तमानपत्रातही हेच आणि गोष्टीतही हेच. प्रकल्पाचा विषय मग तोच घेतला. सरांनी तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न विचारला, पुस्तक असं फाटलेलं का? दुसरा विचारला तो शंकरमामंजींवर, त्यावर मी दहा मिनिटं बोलले.

कादंबरीला पाचपैकी पाच. पहिला शंभरेक पानांचा भाग संथ आहे, रेटा. आवृत्तीला दोन, त्यातला एक कागद बरा आहे म्हणून आणि एक पानं सलग क्रमाने लागली होती म्हणून. वर्गातल्या एकीच्या दुसऱ्या पुस्तकात तेही नव्हतं. परवडत असेल तर शिवणीची, रुंद समासाची जुनी प्रत रद्दीवाल्याकडे किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात शोधा. नसेल परवडत तर हीच घ्या आणि आल्या दिवशी पट्टी लावून कापा, तडकायची वाट बघू नका.

माझी प्रत यंदा अकरावीला आलेली एक मुलगी मागतेय. दोनशे सांगितलेत. चिमट्यांचे वेगळे.