चारही ‘पर्सुएशन’ लागोपाठ बघितल्या, त्याबद्दल

जेन ऑस्टिनचं नाव निघालं की सगळे ‘प्राइड अँड प्रिज्युडिस’मधल्या डार्सी आणि एलिझाबेथबद्दल बोलायला लागतात, आवडतात मलाही ती दोघं, पण माझा जीव अडकलाय तो ‘पर्सुएशन’मध्ये. तिने पूर्ण केलेली ही शेवटची कादंबरी. ती गेली जुलै १८१७ मध्ये आणि पुस्तक बाहेर आलं त्याच वर्षीच्या डिसेंबरात, म्हणजे छापलेलं तिने बघितलंच नाही. मी दर एक-दोन वर्षांनी हे वाचते आणि दर वेळी ते पत्र आलं की पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहते. तर यावेळी वाचून झाल्यावर ठरवलं की पडद्यावरच्या ज्या चार इंग्रजी आवृत्त्या बघायला मिळतात त्या लागोपाठ बघायच्या: १९७१ ची ग्रॅनडाची मालिका, १९९५ चा बीबीसीचा सिनेमा, २००७ चा आयटीव्हीचा आणि २०२२ चा नेटफ्लिक्सचा. बघितल्या. आता लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

ज्यांनी वाचलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. अ‍ॅन एलियट एकोणीस वर्षांची असताना तिचं फ्रेडरिक वेंटवर्थ नावाच्या आरमारातल्या तरुणाशी लग्न ठरतं, पण त्याच्याकडे ना पैसा ना ओळखीपाळखी, आणि आई गेल्यावर जिने अ‍ॅनला आईसारखं जपलं ती लेडी रसेल तिचं मन वळवते, की बाई गं नको करूस हे. अ‍ॅन ऐकते. लग्न मोडतं. आठ वर्षं जातात. आता ती सत्तावीसची आहे, चेहऱ्यावरचं तेज गेलंय, घरात तिला कुणी विचारत नाही, बापाने उधळपट्टी करून इतकं कर्ज केलंय की राहती हवेली, केलिंच हॉल, भाड्याने द्यायची वेळ आलीये. आणि भाड्याने घेतं कोण, तर वेंटवर्थची सख्खी बहीण आणि तिचा नवरा अ‍ॅडमिरल क्रॉफ्ट. मग तो येणारच. येतो तो कॅप्टन होऊन, लढाईत पकडलेल्या जहाजांच्या वाट्याचे २५,००० पौंड कमवून, आणि अ‍ॅनशी अगदी परक्यासारखा सभ्यपणे वागतो.

आणि अ‍ॅन यातलं एक अक्षर कुणाशी बोलत नाही. बोलणार कुणाशी, लेडी रसेलनेसुद्धा तो विषय पुन्हा काढलेला नाही. सगळी कादंबरी तिच्या मनातल्या मनात चालते, वरून बघणाऱ्याला वाटेल एक शांत बाई बहिणीची पोरं सांभाळतीये, पियानो वाजवतीये म्हणजे बाकीच्यांना नाचता यावं, आणि त्याच वेळी तिला कळतं की वेंटवर्थ दुसऱ्या कुणाला विचारतोय, ‘मिस एलियट कधीच नाचत नाहीत का?’ हे पुस्तकात वाचताना पोटात कालवतं. पण कॅमेऱ्याला मनात शिरता येत नाही ना! या चारही आवृत्त्यांची गाडी नेमकी इथे वेगवेगळ्या वाटेला लागते, अ‍ॅनच्या गप्प राहण्याचं करायचं काय.

१९९५ च्या सिनेमाने ठरवलं, काही करायचं नाही, तिला गप्पच राहू द्यायचं आणि आपण तिच्याकडे बघत राहायचं. दिग्दर्शक रॉजर मिशेल (याने पुढे १९९९ मध्ये ‘नॉटिंग हिल’ केला), पटकथा निक डियरची, अ‍ॅन झालीये अमांडा रूट आणि वेंटवर्थ किआरन हाइंड्स. सुरुवातीलाच एकीकडे आरमारातले लोक युद्ध संपल्याची बातमी ऐकताहेत आणि दुसरीकडे अ‍ॅनच्या बापाच्या, सर वॉल्टरच्या, दारात पैसे मागायला लोक जमलेत, दोन मिनिटांत कळतं की कुणाचे दिवस फिरलेत आणि कुणाचे उगवलेत. आणि या सगळ्यात अ‍ॅन कोपऱ्यात. अमांडा रूटचे डोळे मोठे आहेत, ती ऐकते, नुसती ऐकते, प्रत्येक जण येऊन तिच्यापाशी आपलं रडगाणं गाऊन जातो आणि तिचं मात्र कुणी विचारत नाही. आठ वर्षांनी वेंटवर्थ पहिल्यांदा खोलीत येतो तो प्रसंग तर मी तीनदा मागे नेऊन बघितला. तो जेमतेम मिनिटभर असतो, मान लववतो, जातो. आणि तिचा हात खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून असतो. बास. ना रडणं, ना मोठं संगीत. तो हात बघून मला जे कळलं ते कुठल्याच डायलॉगमध्ये मावलं नसतं.

या सिनेमात माणसं खरी दिसतात हेही मला फार आवडलं, म्हणजे कपडे चुरगळलेले, झग्यांच्या कडा चिखलाने भरलेल्या, मेकअप जवळजवळ नाहीच, संध्याकाळच्या खोल्या मेणबत्त्यांच्या उजेडात अर्ध्या काळोख्या. किआरन हाइंड्सचा चेहरा रापलेला, खरंच समुद्रावर आठ वर्षं काढलेल्या माणसाचा. काही जणांचं म्हणणं असतं की तो हिरोसारखा देखणा नाही, मला उलट वाटतं की म्हणूनच त्याचा राग खरा वाटतो आणि तो राग हळूहळू उतरतो तेव्हा तोही खरा वाटतो. लांब फिरून आल्यावर अ‍ॅन दमलीये हे बाकी कुणाच्या लक्षात येत नाही, त्याच्या येतं, आणि तो न बोलता तिला हात देऊन बहिणीच्या बग्गीत बसवतो, तेवढ्या एका स्पर्शावर पुढचा अर्धा सिनेमा उभा आहे. आणि सोफी थॉम्पसनची मेरी! अ‍ॅनची ही धाकटी बहीण, सदा आजारी, सदा नाराज, आणि ‘तू इतकी बदललीस की ओळखलं नसतं, असं म्हणाला तो’ हे वेंटवर्थचं बोलणं अ‍ॅनला जसंच्या तसं सांगून मोकळी होते, आपण काय सांगितलं याचा तिला पत्ताच नसतो.

आता पत्राबद्दल, कारण माझ्यासाठी सगळी परीक्षा तिथेच आहे. बाथ शहरातल्या व्हाइट हार्ट नावाच्या खानावळवजा हॉटेलात एक खोली, वेंटवर्थ टेबलाशी पत्र लिहितोय, खिडकीपाशी अ‍ॅन आणि त्याचा मित्र कॅप्टन हार्विल बोलताहेत. हार्विलची बहीण वारली, तिचा नियोजित नवरा बेनविक एवढ्यात दुसरीच्या प्रेमात पडला, म्हणून हार्विल दुखावलाय, आणि त्यावरून वाद निघतो की जास्त काळ प्रेम कोण करतं, बाई की पुरुष. अ‍ॅन म्हणते की आशा संपली तरी प्रेम करत राहणं एवढाच हक्क मी बायकांसाठी मागते. हे बोलणं चालू असताना मधेच वेंटवर्थच्या हातून लेखणी पडते. म्हणजे बघा, अख्ख्या पुस्तकात गप्प राहिलेली बाई पहिल्यांदा मोकळं बोलते, तेही दुसऱ्याशीच, आणि ज्याला ऐकायचं त्याने ऐकलं. त्याला भर खोलीत उत्तर देता येत नाही म्हणून तो लिहितो. ‘अर्धा मी वेदना आहे, अर्धा आशा.’ आणि तोपर्यंत आपण त्याच्या मनात जवळजवळ शिरलेलोच नसतो, म्हणून ते पत्र असं अंगावर येतं.

विशेष म्हणजे ऑस्टिनने आधी हा शेवट लिहिलाच नव्हता. पहिल्या खर्ड्यात अ‍ॅडमिरल क्रॉफ्ट वेंटवर्थला अ‍ॅनकडे निरोप्या करून पाठवतो, की तू मिस्टर एलियटशी (अ‍ॅनच्या नात्यातला, केलिंचचा वारस) लग्न करणार असशील आणि केलिंच परत हवं असेल तर आम्ही जागा सोडतो, आणि त्यातून दोघांचं जुळतं. तिला ते पटलं नाही, तिने ते काढून १८१६ मध्ये पत्राचा प्रसंग लिहिला. ती रद्द केलेली पानं आजही ब्रिटिश लायब्ररीत आहेत, तिच्या पूर्ण कादंबऱ्यांपैकी तिच्या हस्ताक्षरात उरलेली तेवढीच. १९९५ वाल्यांनी काय केलं, तर अ‍ॅडमिरलच्या निरोपाचा तो तुकडा उचलून पत्राच्या आधी बसवला, त्यामुळे वेंटवर्थची घालमेल आपल्याला दिसते पण मन उघडं पडत नाही. मग ते पत्र येतं, त्याचा आणि तिचा आवाज एकमेकांत मिसळत. मी आजवर किती वेळा बघितलंय, तरी दर वेळी डोळ्यांत पाणी येतंच. रस्त्यात ते भेटतात आणि बाजूने सर्कशीची मिरवणूक जाते, ते काही जणांना खटकतं, त्या काळात भर रस्त्यात चुंबन कोण घेईल म्हणून. मला चालतं. आठ वर्षं झालीयेत.

२००७ ची मला आवडावी अशी फार इच्छा होती, कारण सॅली हॉकिन्स. आणि ती आहेच सुरेख, चेहऱ्यावरची एकेक रेघ बोलते तिची. डायरी लिहिता लिहिता ती मान वर करून थेट आपल्याकडे बघते, एक शब्द न बोलता, ही कल्पना मला मनापासून पटली. पण दीड तासात सगळं उरकायचं म्हणून फार धावाधाव झालीये, आणि शेवटी तर खरोखरचीच, अ‍ॅन बाथच्या रस्त्यांवरून पळत सुटते, केस सुटलेत, धाप लागलीये, कॅमेरा हलतोय. पळण्याला माझी हरकत नाही. हरकत याला आहे की प्रेम कोण जास्त काळ करतं तो वाद त्यांनी उचलून आधीच लाइम या समुद्रकाठच्या गावी नेला आणि बेनविकशी बोलताना घातला. म्हणजे पत्र येतं, पण कशामुळे येतं? ज्या बोलण्याने वेंटवर्थच्या हातून लेखणी पडायला हवी ते बोलणं कधीच होऊन गेलंय. वर लाइमला तो हार्विलपाशी मनातलं सगळं बोलून टाकतो, म्हणजे पत्रात आपल्याला नवीन कळायचं काही राहतच नाही. रूपर्ट पेन्री-जोन्स देखणा आहे, काम चांगलंच केलंय, दोष त्याचा नाही.

आणि शेवट. तो तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधून तिला केलिंचला आणतो, ते घर लग्नाची भेट म्हणून देतो, हिरवळीवर दोघं नाचतात. दिसायला गोड आहे. पण ते घर सर वॉल्टरनंतर मिस्टर एलियटकडे जाणारं, ते असं हातात ठेवता येणारं नाहीच, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अख्खी कादंबरी अ‍ॅनला त्या घरापासून दूर नेते. मिसेस क्रॉफ्ट कशासाठी आहे पुस्तकात? नवऱ्याबरोबर चार वेळा अटलांटिक ओलांडलेली, हसतमुख, उन्हावाऱ्याने रापलेली बाई, अ‍ॅनला आपलं पुढचं आयुष्य तिच्यात दिसतं. १९९५ चा शेवट अ‍ॅनला जहाजावर नेतो तो त्यामुळे मला अगदी बरोबर वाटतो.

१९७१ ची मालिका ज्यांना धीर आहे त्यांच्यासाठी. अ‍ॅन फर्बँक आणि ब्रायन मार्शल. बरचसं स्टुडिओच्या सेटवर, लोक येतात, बसतात, बोलतात, आणि केशरचना तर १८१४ पेक्षा १९७१ च्याच जास्त. पण वेळ भरपूर असल्यामुळे ज्यांना बाकीच्यांनी कात्री लावली ती सगळी माणसं इथे नीट भेटतात, घाई कुठेच नाही. पुस्तक ताजं वाचलेलं असेल तर मजा येते, नसेल तर दुसऱ्या भागातच कंटाळाल.

राहिली २०२२ ची, डकोटा जॉन्सनची. दिग्दर्शन कॅरी क्रॅकनेल. इथली अ‍ॅन सतत कॅमेऱ्याकडे वळून आपल्याशी बोलते, वाइन पिते, ससा कुशीत घेऊन लोळते, सगळ्यांवर शेरे मारते, जुन्या प्रियकराला ‘एक्स’ म्हणते. आजच्या मुलींना अ‍ॅन जवळची वाटावी असा हेतू असणार, तो मला समजतो. पण इतकी फटकळ, इतकी हजरजबाबी मुलगी कुणाच्या सांगण्यावरून लग्न का मोडेल हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि जी पहिल्या मिनिटापासून बोलतेच आहे तिच्या शेवटच्या बोलण्याला वजन कुठून येणार! मला यात वाईट वाटलं ते याचं, की गप्प माणसाच्या आतही तेवढंच चालू असतं हे जे पुस्तक सांगतं तेच यात पुसलं गेलंय. चांगलं काही नाही का, तर आहे. मिया मॅकेना-ब्रूसची मेरी धमाल आहे, रिचर्ड ई. ग्रँट सर वॉल्टर म्हणून शोभतो, हेन्री गोल्डिंगचा मिस्टर एलियट इतका लाघवी आहे की अ‍ॅन त्याच्यावर भाळली तर कुणी नाव ठेवणार नाही, आणि समुद्र सुंदर दिसतो.

तर आधी १९९५ बघा. रात्री, दिवे बंद करून, कारण मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग दिवसा दिसतच नाहीत नीट, आणि सबटायटल्स लावा, माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात आणि आवाज बारीक आहे. मग आठवडाभराने २००७, सॅली हॉकिन्ससाठी.

माझ्या भाचीने मात्र उलटं केलं, तिने २०२२ ची आधी बघितली, तिला आवडली, आणि मग तिने स्वतःहून माझ्याकडे पुस्तक मागितलं. मी माझीच प्रत दिली, समासात पेन्सिलीच्या खुणा असलेली. काल तिचा मेसेज आला की मेरीची नणंद लुईझा आत्ताच लाइमच्या धक्क्यावरून पडली आणि सगळे वेड्यासारखे ओरडताहेत, एकटी अ‍ॅनच काय ती शुद्धीवर आहे. म्हणजे पत्राला अजून बरीच पानं आहेत. तोवर मी तिच्यासमोर यातलं काही बोलत नाहीये.