थीमवालं क्रिप्टिक: एका टेबलाशी की ग्रुपवर?

थीम असलेलं क्रिप्टिक, म्हणजे शब्दांच्या खेळात उत्तरं लपवणारं आणि एका विषयाभोवती गुंफलेलं शब्दकोडं, एकट्याने सोडवायचा हट्ट मी कधीच सोडला. १९३० पासून चालत आलेलं आणि १९९१ पासून लंडनच्या टाइम्समध्ये येणारं लिसनर घ्या, नाहीतर त्याच्या भावकीतलं दुसरं एखादं. चार डोकी लागतातच. प्रश्न एवढाच, की ती चार डोकी एका कागदावर वाकवायची, की ज्याने त्याने घरी बसून सुटेल ते मोबाइलच्या ग्रुपवर टाकत जायचं. आम्ही दोन्ही केलंय.

ग्रुपचे फायदे खरे आहेत. सगळ्यांच्या वेळा जुळवायची कटकट नाही. एखादा क्लू दोन दिवस डोक्यात घोळत राहतो आणि भांडी घासताना अचानक सुटतो. सावकाश विचार करणाऱ्याला तर ग्रुपच बरा. टेबलाशी एखादा चटपटीत गडी असला की तो बाकीच्यांना श्वास घेऊ देत नाही.

पण ग्रुपचं एक दुखणं मला काही सोसलं नाही. तिथे उत्तर येतं, कारण येत नाही.

साध्या क्रिप्टिकमध्ये हे खपून जातं. थीमवाल्यात वर प्रस्तावना असते आणि तिथे बहुतेक वेळा मेख मारलेली असते. समजा म्हटलंय, प्रत्येक क्लूच्या व्याख्येत, म्हणजे उत्तराचा सरळ अर्थ सांगणाऱ्या भागात, एक अक्षर चुकीचं छापलंय, दुरुस्त अक्षरं ओळीने वाचली की पुढची सूचना मिळेल. मराठीत रचून दाखवतो: ‘गंगा उलटी वाहते, तरी बंगाल (२)’. गंगा म्हणजे नदी, आणि नदी उलटी केली की दोन अक्षरी दीन. आता दीन म्हणजे बंगाल नव्हे, कंगाल. ग्रिडमध्ये, म्हणजे कोड्याच्या चौकटीत, ‘दीन’ जातो, पण खरी कमाई तो ‘क’. ग्रुपवर काय येतं? ‘१४ आडवा दीन’. आणि खाली तीन अंगठे.

एकदा गुरुवारीच आमचं ग्रिड भरलं. सगळे खूश. सूचना वाचायला गेलो तर जागोजागी भोकं. ज्यांनी उत्तरं टाकली त्यांना विचारलं, तर ‘बसत होतं म्हणून टाकलं’. अख्खा शनिवार सुटलेले क्लू पुन्हा उसवण्यात गेला. दोन उत्तरं तर चुकीचीच निघाली, आणि लिसनरमध्ये एक घर चुकलं की सगळं कोडं चूक.

टेबलाशी हे होत नाही, निदान आमच्याकडे तरी. पेन्सिल सगळ्यात शंकेखोर बाईंच्या हातात असते. उत्तर ओरडलं की त्या वर न बघता विचारतात, ‘का?’ उकल सांगितल्याशिवाय शिसं कागदाला लागत नाही. समासात दोन रकाने: छापलेलं अक्षर, खरं अक्षर. वेळ खातं हे, कबूल. पण ग्रिड भरतं तेव्हा सूचनाही तयार असते.

शेवटच्या टप्प्यालाही टेबलच सोयीचं वाटतं. कुठेतरी दडलेलं नाव शोधून रंगवायचं असतं, तेव्हा समोर बसलेल्याला कागद उलटा दिसतो हा चक्क फायदा. आम्ही तिघे सरळ बाजूने डोळे फोडत होतो आणि पलीकडच्याने ते कर्णावर खालून वर वाचून दाखवलं.

टेबलाचा दोष म्हणजे कुणीतरी थीम आधीच फोडतो आणि बाकीच्यांच्या आनंदावर पाणी. म्हणून ज्याला सुचेल त्याने चिठ्ठीवर लिहून कपाखाली ठेवायची. निम्म्या वेळा ती चुकीचीच असते.

तुमची मंडळी चार गावांना असतील तर ग्रुपला पर्याय नाही. मग निदान दुरुस्त अक्षर नसेल तर उत्तर धरायचं नाही, असं ठरवून घ्या. आम्हीही ठरवलं होतं. तीन दिवस टिकलं.