फर्टिटा सेंटरचे तिकीट: बचाव पाहण्याची आवड असेल तरच

गुणांची आतषबाजी पाहायची असेल तर ह्यूस्टन विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचे तिकीट काढू नये, हे आधीच सांगितलेले बरे. 2024-25 च्या हंगामातील घरचे सामने फर्टिटा सेंटरच्या वरच्या रांगांतून पाहिल्यावर माझे मत असे झाले की, येथे पैसे मोजायचे ते बचावासाठी. चेंडू हाती असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर दोघे एकदम झेपावतात, तिसरा पासची वाट अडवतो आणि बघता बघता तो बिचारा बाजूच्या रेषेपाशी कोंडला जातो. कबड्डीत चढाई करणाऱ्याभोवती साखळी आवळताना पाहत लहानाचे मोठे झालेल्यांना यातली गंमत समजावून सांगावी लागत नाही.

नोव्हेंबरात ऑबर्न, अलाबामा आणि सॅन डिएगो स्टेट या तिघांकडून हरल्यामुळे पैसे वाया गेले की काय, असे वाटले होते. पुढे मात्र नावात 12 असूनही 16 संघ असलेल्या बिग 12 या विद्यापीठ संघांच्या साखळी स्पर्धेत प्रशिक्षक केल्विन सॅम्पसन यांच्या या संघाने 20 पैकी 19 साखळी सामने जिंकले. गमावलेला एकमेव सामना नेमका घरचा होता. 1 फेब्रुवारीला टेक्सास टेकचा प्रमुख खेळाडू जे. टी. टॉपिन आणि प्रशिक्षक ग्रँट मकॅसलँड यांना पहिल्या काही मिनिटांतच बाहेर काढण्यात आले, तेव्हा निकाल लागल्यातच जमा आहे असे वाटले. परंतु टेकने जादा वेळेत 82-81 अशी बाजी मारली आणि घरच्या मैदानावरील सलग 33 विजयांची मालिका तुटली. पैसे वसूल झाले असे मला वाटले ते, आश्चर्य म्हणजे, त्याच दिवशी.

सभागृह लहान, जेमतेम 7,100 आसनांचे आहे. जुन्या हॉफहाइन्झ पॅव्हेलियनचा कायापालट करून ते 2018 मध्ये खुले झाले. फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोफत फटक्याच्या, वेळी क्षणभर शांतता पसरली की बुटांची करकर वरपर्यंत ऐकू येते, त्यामुळे महागड्या खालच्या जागांचा हट्ट धरण्याचे कारण नाही. माझी तक्रार आहे ती तिकिटांची फेरविक्री करणाऱ्या एका संकेतस्थळाबद्दल: निवडताना दिसलेली किंमत पैसे भरताना शुल्कासकट बरीच फुगलेली होती.

राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेचा 7 एप्रिलचा सॅन अँटोनियोतील अंतिम सामना मी घरीच दूरचित्रवाणीवर पाहिला. उत्तरार्धात 12 गुणांची आघाडी घेऊनही फ्लोरिडाकडून 65-63 अशी हार झाली. शेवटच्या क्षणी ह्यूस्टनचा इमॅन्युएल शार्प फटक्यासाठी उडाला, समोरून फ्लोरिडाचा वॉल्टर क्लेटन धावून आला, आणि शार्पला चेंडू हातातून सोडून द्यावा लागला. वर्षभर आम्ही ज्यासाठी टाळ्या वाजवल्या, तोच हा बचाव होता. या वेळी तो समोरच्यांनी केला.

नव्याने तिकीट घेणाऱ्याने डिसेंबरातले दुबळ्या संघांविरुद्धचे सामने सोडून जानेवारी-फेब्रुवारीतील साखळी सामनाच निवडावा.